हात थरथरला तरी आटा चुकू नये म्हणून… हेन्री मॉडस्लेची गोष्ट

बेळगावचं उद्यमबाग घ्या, कोल्हापूरचं शिरोली घ्या, गोव्याचं वेर्णा घ्या, नाहीतर वडोदऱ्याचं मकरपुरा, इंदूरजवळचं पिथमपूर किंवा हैदराबादचं बालानगर. राज्य बदलतं, पाटीवरची लिपी बदलते, पण शेडच्या आतली भाषा एकच असते. जॉब, सेटिंग, ऑफसेट, टॉलरन्स, मायक्रॉन. करंगळीएवढा हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा स्पूल असो की इंजेक्टरचा बारका भाग, आज तो एकाच मशीनमध्ये एकदा पकडला की टर्निंग, मिलिंग, आडवं भोक, आटे, सगळं उरकूनच बाहेर पडतो. एका बाजूचं काम झालं की दुसरा स्पिंडल पुढं येतो, जॉब आपल्या हातात घेतो आणि मागची बाजू पूर्ण करतो. माणसाचा हात मध्ये लागतच नाही.

ही सगळी सोय जिथून सुरू झाली त्या वाटेच्या तोंडाशी एक लोहार उभा आहे. सहा फुटांच्या वर उंची, रुंद खांदे, हातात अठरा इंची कानस. नाव हेन्री मॉडस्ले. इंग्रज माणूस, आणि त्याला जाऊन आता दोनशे वर्षं व्हायला आली. पण लेथवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचं त्याच्याशी नातं आहे, त्याला ते माहीत असो वा नसो.

दारूगोळ्याच्या कारखान्यातलं पोर

हेन्रीचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ चा, लंडनजवळच्या वुलिचचा. वडील सैन्यात गाड्यांची चाकं दुरुस्त करणारे कारागीर. पुढं ते जखमी झाले आणि वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात कोठी सांभाळायच्या कामाला लागले. घरात सात भावंडं, त्यांतला हेन्री पाचवा. शाळा बेताचीच झाली असणार, कारण वयाच्या बाराव्या वर्षी तो त्याच शस्त्रागारात काडतुसांत दारू भरायच्या कामावर होता. तिथून त्याला सुतारशाळेत धाडलं. रंधा आणि करवत त्याच्या हातात बसली, पण मन शेजारच्या भट्टीत. पंधराव्या वर्षी त्याला लोहारशाळेत घेतलं आणि मग तो खऱ्या अर्थानं आपल्या जागी आला.

तापलेल्या लोखंडाला हातोड्यानं वळवायचं आणि थंड लोखंडाला कानशीनं घासून सपाट करायचं, ही दोन कामं. त्या काळात अचूकपणा म्हणजे हीच दोन कामं आणि त्यामागचा डोळा. मशीन म्हणून जे काही होतं त्याचे भाग बहुतेक लाकडी, आणि लेथवर हत्यार धरायचं ते हातानंच, टेकूवर टेकवून. हात थरथरला की जॉब गेला. दोन भाग एकसारखे निघायचे तर ते कारागिराच्या मनगटाच्या पुण्याईनं.

कुलूप जमेना म्हणून

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा एक हुशार कारखानदार होता. त्यानं १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. नळीसारखी गोल किल्ली, आतमध्ये बारक्या सरकत्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला वेगळ्या खोलीवर खाच. किल्लीनं सगळ्या पट्ट्या नेमक्या तेवढ्याच दाबल्या गेल्या तर कुलूप उघडणार, केसभर कमी-जास्त झालं तर नाही. कल्पना नामी होती. अडचण एवढीच की ते बनवायचं कुणी आणि कितीला? पट्ट्या, खाचा, स्प्रिंगा, सगळं हातानं घासून बसवायचं तर एकेका कुलपाला इतका वेळ लागे की धंदाच होऊ शकत नव्हता. छोटा, गुंतागुंतीचा आणि दरवेळी अचूकच हवा असा भाग. आजच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंग तयार होतं, पण प्रोसेस नव्हती.

कुणीतरी ब्रामाला वुलिचच्या पोराचं नाव सांगितलं. हेन्री तेव्हा अठरा वर्षांचा. ब्रामानं त्याला पाहिलं आणि तो बिचकला, इतक्या कोवळ्या पोराला हे काम कसं द्यायचं? सांगतात की कारखान्यात एक झिजून निकामी झालेला शेगडा पडला होता. हेन्रीनं तोच मागून घेतला. त्याच्या जबड्यांना पोलाद चढवलं, कानशीनं घासून सारखं केलं, पाणी दिलं आणि संध्याकाळी काम सुटायच्या आत तो शेगडा नव्यासारखा करून ठेवला. दुसऱ्या कुठल्या परीक्षेची गरज राहिली नाही.

ब्रामाच्या कुलपासाठी हेन्रीनं कुलपं केली नाहीत, आधी कुलपं करणारी यंत्रं केली. नळीला खाचा पाडायचं एक यंत्र, स्प्रिंग एकसारखी गुंडाळायचं एक यंत्र. यंत्राला एकदा मापात बसवलं की खाच पाडणाऱ्याचा हात कसा आहे हा प्रश्नच उरायचा नाही. ब्रामानं ते कुलूप १७९० साली आपल्या दुकानाच्या खिडकीत टांगलं आणि उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं. ते कुलूप तसंच राहिलं. १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन कुलूपवाल्यानं अखेर ते उघडलं, तेही सोळा दिवसांत मिळून पन्नासेक तास खपून. तोवर ब्रामाही गेला होता आणि मॉडस्लेही.

ब्रामाच्या पाणदाबाच्या प्रेसमध्ये पिस्टनच्या कडेनं पाणी गळायचं. दाब वाढला की आपोआप घट्ट बसणारी चामड्याची वाटी बसवायची युक्ती मॉडस्लेचीच मानली जाते. प्रेस चालला तो त्या वाटीनं. आजही हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सीलशिवाय सगळं व्यर्थ.

पगार वाढवून मागितला

मॉडस्ले ब्रामाच्या कारखान्याचा मुख्य फोरमन झाला. ब्रामाच्याच घरी काम करणाऱ्या सारा टिंडेल हिच्याशी त्यानं १७९१ मध्ये लग्न केलं. संसार वाढला. पगार होता आठवड्याला ३० शिलिंग. कारखान्याची निम्मी अब्रू ज्याच्या हातावर उभी होती त्यानं १७९७ साली पगार वाढवून मागितला. ब्रामानं नाही म्हटलं.

मॉडस्लेनं तिथंच काम सोडलं. ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळच्या वेल्स स्ट्रीटवर एक छोटी जागा घेऊन स्वतःचं दुकान थाटलं. पहिलं काम मिळालं ते एका चित्रकाराच्या घोडीच्या लोखंडी भागांचं. वर्कशॉप काढणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. पहिली ऑर्डर अशीच असते, पण भाडं निघतं आणि स्वतःच्या मशीनला हात घालायला रात्र मोकळी मिळते.

स्क्रूचं कोडं

त्या रात्रींमधून जे निघालं ते म्हणजे आटे पाडायचा लेथ, साधारण १७९७ ते १८०० या काळातला. यात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, हत्यार हातात न धरता घट्ट बसवलेल्या सरकत्या बैठकीत धरायचं. आज आपण ज्याला कॅरेज आणि क्रॉस स्लाइड म्हणतो ती. दुसरी, ती बैठक पुढं ढकलायला एक अचूक स्क्रू, म्हणजेच लीड स्क्रू. तिसरी, स्पिंडल आणि लीड स्क्रू यांना जोडणारे बदलता येणारे गिअर. स्पिंडल एक फेरा फिरला की हत्यार किती सरकणार, हे नातं गिअरनं पक्कं बांधलं. गिअर बदला, वेगळ्या पिचचा आटा मिळेल. आणि हे सगळं लोखंडी बांधणीवर, म्हणजे हत्याराला जोर आला तरी वाकणार नाही.

इथं एक खरं सांगायला हवं. सरकती बैठक काय किंवा स्क्रू काय, यांतली एकेक कल्पना मॉडस्लेच्या आधीही होती. इंग्लंडमध्ये रॅम्सडेननं, फ्रान्समध्ये वोकान्सों आणि सेनोनं असे प्रयोग केले होते. अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सननं १७९८ मध्ये पेटंट घेतलं. मॉडस्लेचं मोठेपण पहिला असण्यात नाही. रोजच्या धंद्यात वर्षानुवर्षं चालेल, दुसऱ्यालाही चालवता येईल आणि ज्यातून पुढचं आणखी चांगलं मशीन निघेल असं ते त्यानं एकत्र बांधलं, यात आहे.

पण कोडं पुढंच आहे. अचूक स्क्रू कापायला मशीनमध्ये आधी अचूक स्क्रू लागतो. मग पहिला कुठून आणायचा? मॉडस्लेनं एका वाकड्या कोनात बसवलेली सुरी फिरत्या मऊ दांड्यावर टेकवली, कधी लाकडाच्या, कधी कथलाच्या. सुरीच्या कोनानंच आट्याची रेघ उमटत गेली. त्यावरून एक स्क्रू, त्यातल्या चुका शोधून कमी केलेला दुसरा, त्यावरून तिसरा. असं करत करत त्यानं पाच फूट लांब, दोन इंच जाडीचा, इंचाला ५० आटे असलेला स्क्रू केला. त्याच्या नटची लांबीच बारा इंच, म्हणजे नटमध्ये ६०० आटे. खगोलशास्त्राच्या उपकरणांवर बारीक खुणा पाडायला तो वापरला गेला.

त्याच्या आधी बोल्ट आणि नट ही जन्माची जोडी असायची. एका बोल्टचा नट दुसऱ्याला लागायचा नाही. मशीन खोललं तर कुठला नट कुठल्या बोल्टचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. मॉडस्लेनं निदान आपल्या कारखान्यापुरते तरी आटे ठरावीक मापात आणले.

कारखान्यातलं वरचं कोर्ट

माप कोण ठरवणार यावर प्रत्येक वर्कशॉपमध्ये भांडण असतं. मशीनवाला म्हणतो बरोबर आहे, क्वालिटीवाला म्हणतो रिजेक्ट. मॉडस्लेनं त्यासाठी टेबलावर ठेवायचा एक मायक्रोमीटर केला. इंचाला १०० आटे असलेला स्क्रू आणि त्यावर १०० भागांची चकती. म्हणजे चकती एक घर फिरली की जबडा इंचाच्या दहा हजाराव्या भागानं सरकणार. आपल्या मापात हे अडीच मायक्रॉन होतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर त्याचा पंचविसावा-तिसावा हिस्सा. आणि हे दोनशे वर्षांपूर्वी, वीज नसताना.

त्या मायक्रोमीटरला कामगार लॉर्ड चान्सलर म्हणत, म्हणजे देशाचा वरिष्ठ न्यायाधीश. त्याचा निकाल लागला की पुढं अपील नाही.

सपाटपणाचंही तसंच. प्रत्येक कामगाराच्या बाकावर त्यानं एक एक सपाट पाटा ठेवला. त्याला रंग लावायचा, जॉब त्यावर घासायचा, रंग जिथं लागला तिथं उंचवटा. तेवढाच खरवडायचा. फिटरचं हे काम आजही आयटीआयमध्ये शिकवलं जातं.

कप्प्या आणि शंभर माणसं

१८०० मध्ये दुकान मोठ्या जागेत, मार्गारेट स्ट्रीटला गेलं. त्याच सुमारास मार्क ब्रुनेल नावाचा फ्रान्समधून परागंदा झालेला इंजिनिअर त्याच्याकडं काही नमुने करून घ्यायला येऊ लागला. ब्रुनेलच्या डोक्यात होती जहाजाची कप्पी.

शिडाच्या जहाजात दोर ओढायला कप्प्या लागतात. ७४ तोफांच्या एका लढाऊ जहाजाला ९०० हून जास्त. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू, आरमाराला वर्षाला लाखभर कप्प्या हव्या. त्या बनायच्या हातानं, कंत्राटानं. ब्रुनेलनं आधी साउथॅम्प्टनच्या टेलर या जुन्या कंत्राटदाराला आपली यंत्रं दाखवायची तयारी केली. आमची पद्धत उत्तम आहे असं म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. मग तो आरमाराच्या कामांचे प्रमुख सॅम्युअल बेंथम यांच्याकडं गेला. १८०२ मध्ये मंजुरी मिळाली, यंत्रं करायचं काम मॉडस्लेकडं आलं.

पुढची काही वर्षं मॉडस्ले त्यातच होता. पोर्टस्मथच्या गोदीत सुमारे ४५ यंत्रं ओळीनं उभी राहिली. एक कापणार, दुसरं भोक पाडणार, तिसरं खाच कोरणार, चौथं आकार देणार. आकार देणारं यंत्र तर दहा कप्प्या एका मोठ्या चाकावर पकडून एकदम फिरवायचं. सगळी ताकद वाफेच्या इंजिनाची. १८०८ मध्ये वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. आधी जिथं ११० कुशल कारागीर लागत, तिथं साधी दहा माणसं पुरू लागली. त्यांतली काही यंत्रं विसाव्या शतकातही चालत होती.

आजचं मशिनिंग सेंटर म्हणजे ही ओळच एका पेटीत आणून बसवलेली. कारण प्रत्येक वेळी जॉब एका यंत्रातून काढून दुसऱ्यात पकडला की थोडी चूक वाढते. कप्पीला ती चालायची, इंजेक्टरला चालत नाही. म्हणून जॉब हलवायचा नाही, हत्यारं बदलायची. बाकी गाभा तोच. लीड स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू आला. गिअर जे नातं बांधायचे ते आता स्पिंडलचा एन्कोडर आणि सर्व्हो मोटर बांधतात. पण एका फेऱ्याला किती सरकायचं, हा प्रश्न मॉडस्लेचाच.

आणि ते शंभर कारागीर? सरकारचे किती पौंड वाचले याचा हिशेब मांडला गेला. ज्यांच्या हातचं काम गेलं त्यांच्या चुलीचा हिशेब तेवढ्या काळजीनं कुणी मांडला नाही. त्याच इंग्लंडात १८११-१२ मध्ये कापड कामगारांनी माग फोडले, आणि माग फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा देणारा कायदा १८१२ मध्ये झाला. पगार वाढवून मिळाला नाही म्हणून बाहेर पडलेल्या माणसानं अशी यंत्रं केली की पुढं शंभर जणांना पगार मागायची जागाच उरली नाही. हा दोष एकट्या मॉडस्लेच्या माथी मारता येणार नाही, पण त्याची गोष्ट सांगताना हे पान फाडून टाकणंही बरं नाही. नवीन मशीन आलं की शेडमध्ये जी शांतता पसरते ती त्या काळापासूनचीच आहे.

मुंबईच्या धक्क्यापर्यंत

१८१० मध्ये कारखाना लँबेथला गेला. पुढं जोशुआ फील्ड भागीदार झाला, मुलंही आली. आता काम होतं जहाजांच्या वाफेच्या इंजिनांचं. इंग्लंडहून कलकत्त्याला आलेलं पहिलं वाफेचं जहाज एंटरप्राइज. ते १८२५ मध्ये ११३ दिवसांत पोचलं, त्याचं इंजिन मॉडस्लेच्या कारखान्याचं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट १८२९ ची. तिच्यातली ८० अश्वशक्तीची दोन इंजिनंही तिथलीच. १८३० मध्ये ती मुंबईहून सुएझला गेली आणि विलायतेच्या टपालाचा नवा मार्ग उघडला. सागवान आणि सुतारकाम इथलं, इंजिन तिथलं. टपाल लवकर येऊ लागलं तसं राज्यही घट्ट होत गेलं. अचूक मशीन ज्याच्याकडं, सत्ता त्याच्याकडं, हे आपल्या समुद्रावर असं दिसलं.

टेम्स नदीखालून बोगदा खणायला ब्रुनेलनं जी लोखंडी ढाल वापरली तीही मॉडस्लेच्या कारखान्यातली.

कारखाना नव्हे, शाळा

त्याच्या हाताखालून गेलेली नावं वाचली की थक्क व्हायला होतं. रिचर्ड रॉबर्ट्सनं धातूवर चालणारं प्लेनिंग मशीन केलं. जोसेफ क्लेमेंटनं बॅबेजच्या गणिती यंत्राचे भाग केले. जेम्स नास्मिथ १८२९ मध्ये स्वतः केलेलं छोटं इंजिन घेऊन दारात आला. उमेदवार घ्यायचे नाहीत असं मॉडस्लेनं ठरवलं होतं, पण इंजिन बघून त्यानं ठरवलेलं मोडलं. नास्मिथनं पुढं वाफेचा घण आणि शेपिंग मशीन केलं. जोसेफ व्हिटवर्थ १८२५ मध्ये आला. त्यानं १८४१ मध्ये सगळ्या देशासाठी ५५ अंशांच्या आट्याचं एकच माप सुचवलं.

तो आटा आपल्या घरात आहे. नळाला फिरवून बसवतो तो पाइपचा बीएसपी आटा व्हिटवर्थच्या घराण्यातलाच. बेळगावचा नळ असो की पणजीचा, प्लंबर दोरा गुंडाळून फिरवतो आणि तो बसतो, कारण कुणीतरी कधीतरी सगळ्यांचे आटे एक करायचं मनावर घेतलं होतं.

आपल्याकडं बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायची यंत्रं आणि नांगर केले, आणि पुढं हरिहरच्या किर्लोस्कर कारखान्यातून लेथ बाहेर पडू लागले. मॉडस्लेच्या बांधणीचा तो लेथ सीमाभागातल्या कितीतरी शेडमध्ये पहिलं मशीन म्हणून आला आणि त्यावर पोरं शिकली.

शेवट

उतारवयात मॉडस्लेला आकाशाचं वेड लागलं. स्वतःची दुर्बीण करायची, वेधशाळा बांधायची असं त्यानं मनात घेतलं होतं. १८३१ च्या सुरुवातीला एका मित्राला भेटून फ्रान्सहून परतताना समुद्रावर थंडी बाधली. काही आठवडे अंथरुणाला खिळून १४ फेब्रुवारी १८३१ ला तो गेला. वुलिचलाच त्याला पुरलं. वरचं स्मारक ओतीव लोखंडाचं, त्यानंच आखून ठेवलेलं. एकोणिसावं शतक संपता संपता त्याचा कारखानाही बंद पडला.

त्याच्याजवळ काम केलेले लोक त्याच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगत. काय करायचं आहे हे डोक्यात स्वच्छ झाल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही, आणि जो भाग लागत नाही तो काढून टाकायचा. यंत्रं करून हाताचा थरथराट संपवणारा हा माणूस स्वतः शेवटपर्यंत कानस उत्तम चालवायचा. आज पॅनलसमोर उभ्या राहणाऱ्या पोरानं हे लक्षात ठेवावं. बटण कुणीही दाबेल. पण जॉब का बिघडला हे ज्याला मापून सांगता येतं, त्याची जागा मशीन घेत नाही. मशीनच त्याला विचारत असतं.